बाळ १ किलो ४८० ग्रॅमचं, हिमोग्लोबिन २२ आणि प्लेटलेट ५८ हजार, दोन्ही एकाच वेळी कसं?

शेवंती, डिचोली
९ जुलै, रात्री ११:४०

मी इथे दोन वर्षं नुसतीच वाचत आलेय, लिहायची ही पहिलीच वेळ. ६ तारखेला मला मुलगी झाली. पस्तिसावा आठवडा संपत आला होता, माझं प्रेशर सातव्या महिन्यापासून वाढलेलं, शेवटच्या दोन सोनोग्राफींत बाळाचं वजन पुढे सरकेना आणि डॉप्लरमध्ये नाळेतला प्रवाह कमी दिसला म्हणून सिझर केलं. वजन १ किलो ४८० ग्रॅम. रडली लगेच, श्वासाचा त्रास नाही, पण साखर ३२ आली म्हणून एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेलं आणि सलाइन लावलं.

मला कळत नाहीये ते हे. पहिल्या दिवशी हिमोग्लोबिन २२.१, हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा वाटा) ६७ टक्के. आज तिसऱ्या दिवशी प्लेटलेट ५८ हजार. पांढऱ्या पेशी मशीनवर १८ हजार, पण त्यातल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, कमी आहेत म्हणे. सिस्टर सांगते रक्त दाट आहे, डॉक्टर राऊंडला येऊन प्लेटलेट कमी आहेत, बघूया म्हणाले आणि पुढच्या बाळाकडे गेले. फाइलवर सेप्सिस (जंतुसंसर्ग) लिहून पुढे प्रश्नचिन्ह केलेलं मी स्वतः वाचलं. रक्त जास्त पण आणि कमी पण, एकाच बाळात? हाडांतच काही बिघाड आहे का, रक्ताचा कसला मोठा आजार तर नाही ना, हेच डोक्यात फिरतंय. तिची टाच माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी आहे आणि तिच्यावर टोचल्याचे पाच ठिपके आहेत, मी मोजले.

सासूबाईंनी पपईच्या पानांचा रस काढून पाठवलाय, मी प्यायला तर दुधातून बाळाला जाईल आणि प्लेटलेट वाढतील असं त्यांचं म्हणणं. कोणी ह्यातून गेलंय का?

जुळ्यांचा बाबा, पेडणे
९ जुलै, रात्री ११:५८

ताई, आमच्या दोघांपैकी धाकटा १ किलो ३०० चा होता, मोठा २ किलोचा. धाकट्याचे प्लेटलेट असेच घसरले होते, मोठ्याचे एकदम ठीक. एकच आई, एकच पोट, एकच दिवस, तरी एवढा फरक. मी तेव्हा भांडलो होतो की प्लेटलेट चढवा म्हणून, पाच वर्षं झाली पण अजून वाटतं की ते हातावर हात ठेवून बसले होते. तुम्ही स्पष्ट विचारा की चढवणार कधी. न विचारता कोणी सांगत नाही. आता दोघं बालवाडीत जातात आणि धाकटाच जास्त दंगा करतो, तेव्हा धीर धरा.

लॅबवाली, फोंडा
१० जुलै, सकाळी ६:१५

शेवंती, ड्युटीला जायच्या आधी लिहितेय. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये १४ वर्षं आहे. तीन गोष्टी आधी विचारून घे.

पहिली, हिमॅटोक्रिट ६७ आलं ते रक्त टाचेतून घेतलेलं की शिरेतून? टाचेतलं रक्त साकळलेलं असतं, विशेषतः पाय गार असेल तर, आणि आकडा शिरेतल्या रक्तापेक्षा चढाच येतो. नवजात बाळाचं रक्त दाट आहे असं म्हणायला शिरेतलं हिमॅटोक्रिट ६५ च्या वर लागतं.

दुसरी, प्लेटलेटचं सॅम्पल कसं घेतलं? जांभळ्या टोपणाच्या नळीत टाचेतून थेंब थेंब पिळून घेतलं तर नळीतच बारीक गुठळ्या होतात, प्लेटलेट त्यात अडकतात आणि मशीन आपलं कमी मोजतं. म्हणून अशा वेळी स्लाइड बघावीच लागते. स्लाइडच्या कडेला प्लेटलेटचे पुंजके दिसले तर तो आकडा खरा नाही.

तिसरी पांढऱ्या पेशींची. पोटात ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळांच्या रक्तात कच्च्या तांबड्या पेशी भरपूर असतात, ज्यांच्यातलं केंद्रक अजून गेलेलं नसतं. डाग दिलेल्या स्लाइडवर त्या ओळखू येतात, गुलाबीसर गोल पेशी आणि आत गच्च काळपट जांभळा ठिपका. पण बऱ्याच मशीनना केंद्रक दिसलं की ती पांढरी पेशी वाटते. शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा किती दिसतात ते आम्ही डोळ्यांनी मोजतो आणि आकडा दुरुस्त करतो. समजा शंभरामागे ८० निघाल्या, तर मशीनच्या १८ हजारांना १०० ने गुणायचं आणि १८० ने भागायचं. खऱ्या पांढऱ्या पेशी १० हजारच राहतात. तुझ्या रिपोर्टवर खाली कुठे करेक्टेड असा शब्द आहे का बघ.

शेवंती, डिचोली
१० जुलै, दुपारी १:२०

ताई तुमचे खूप उपकार. विचारलं. ६७ टाचेतलंच होतं, नंतर शिरेतून केलं ते ६२ आलं, म्हणजे हद्दीच्या आत. करेक्टेड लिहिलंय, १० हजार २००. तुम्ही म्हणालात तसंच निघालं! स्लाइड बघितलीय, पुंजके नाहीत, प्लेटलेट खरंच कमी आहेत. आजचा आकडा ४९ हजार. खाली गेला. माझे हात थरथरतायत.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ
१० जुलै, दुपारी ३:०५

शेवंती, आधी एक प्रश्न. बाळंतपणाच्या आधीच्या आठवड्यात तुम्हाला ताप आला होता का? पावसाळ्यात आपल्याकडे प्लेटलेट म्हटलं की सगळ्यांना डेंग्यूच आठवतो, आणि आईला शेवटच्या दिवसांत डेंग्यू झाला तर तो बाळाला लागू शकतो, म्हणून विचारतो. ताप नसेल तर तो विषय सोडा. पपईच्या पानांचा रस तर सोडाच, तो तुमच्या दुधातून जाऊन बाळाच्या प्लेटलेट वाढवणार नाही आणि ओल्या बाळंतिणीचं पोट मात्र बिघडवेल. सासूबाईंना माझं नाव सांगून सांगा हवं तर, त्यांनी मायेपोटीच केलंय.

आता तुमचा मूळ प्रश्न. जास्त आणि कमी एकाच वेळी कसं.

पोटात असताना बाळाची फुफ्फुसं कामाची नसतात, ऑक्सिजन सगळा वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, मिळतो. आईचं प्रेशर वाढलं की वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या नीट रुंदावलेल्या नसतात, वार पुरी पडत नाही. बाळाला दोन गोष्टी कमी मिळतात, अन्न आणि ऑक्सिजन. अन्न कमी म्हणून वजन कमी. ऑक्सिजन कमी पडला की बाळाचं शरीर एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक जास्त करतं. मोठ्यांत ते मूत्रपिंडात होतं, पोटातल्या बाळात मुख्यतः यकृतात. पेशींना ऑक्सिजन कमी पडल्याचं कळतं कसं, हे शोधून काढणाऱ्या तिघांना २०१९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, इतकी ही मूलभूत यंत्रणा आहे. ह्या संप्रेरकाचा निरोप एकच, तांबड्या पेशी करा, आणखी करा. वारेतून जो काही थोडा ऑक्सिजन येतोय तो वेचून घ्यायला जास्त हात लागतात, तसं. म्हणून २२ हिमोग्लोबिन, आणि घाईत बाहेर पडलेल्या त्या कच्च्या पेशी, ज्या लॅबवाली ताईंनी सांगितल्या.

पण तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट, सगळ्यांचं मूळ एकच आहे. मूळपेशींचा सगळा ओढा तांबड्यांकडे गेला की बाकीच्या मागे पडतात. त्यात नवजात बाळाच्या प्लेटलेट बनवणाऱ्या मोठ्या पेशी आकाराने आपल्यापेक्षा लहान असतात, एकेकीतून प्लेटलेट कमीच निघतात, गाठीला काही शिल्लक नसते. प्लेटलेट जगते आठ-दहा दिवस. नवी भरती थांबली की आकडा लगेच उतरतो. आणि प्रेशर असलेल्या आईच्या बाळात न्यूट्रोफिलसुद्धा कमी होतात, कारण वारेकडूनच त्यांचं उत्पादन दाबलं जातं. वार सुटली की बहुतेक बाळांत ते दोन-चार दिवसांत वर येतात.

म्हणजे तुम्हाला कागदावर तीन वेगवेगळी दुखणी दिसतायत, मला एकच दिसतं, वार कमी पडली. तुमच्या मुलीच्या हाडांतल्या मज्जेत, जिथे रक्त तयार होतं, बिघाड आहे असं ह्यातलं काहीच सांगत नाही. उलट तिने पोटात जे करायला हवं होतं तेच केलंय.

सेप्सिसपुढचं प्रश्नचिन्ह बरोबर आहे. जंतुसंसर्गातही प्लेटलेट आणि न्यूट्रोफिल पडतात, नुसत्या आकड्यावरून फरक कळत नाही, म्हणून कल्चर लावून (रक्तात जंतू वाढतात का ते बघायला) अँटिबायोटिक चालू करतात आणि कल्चर स्वच्छ आलं की थांबवतात. तुमच्या डॉक्टरांनी हे दोन मिनिटं उभं राहून सांगायला हवं होतं. आई फाइल वाचते हे आम्ही विसरतो.

अशी घसरण पहिल्या तीन दिवसांत सुरू होते, चौथ्या-पाचव्या दिवशी तळाला जाते आणि दहा-बारा दिवसांत भरून येते. आज चौथा दिवस आहे.

जुळ्यांचा बाबा, पेडणे
१० जुलै, संध्याकाळी ७:३०

डॉक्टर, मग चढवत का नाहीत? ४९ हजार म्हणजे मोठ्या माणसाला आपण लगेच ॲडमिट करतो.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ
१० जुलै, रात्री ९:१०

कारण चढवण्यातही धोका आहे, आणि हे आम्हालाही उशिरा कळलं. मी स्वतः कित्येक वर्षं ५० हजारांच्या खाली गेलं की चढवत आलो. मग २०१९ मध्ये ब्रिटन, आयर्लंड आणि नेदरलँड्समधल्या ६६० बाळांचा अभ्यास आला, सगळी ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेली. अर्ध्यांना ५० हजारांच्या खाली गेल्यावर प्लेटलेट दिल्या, अर्ध्यांना २५ हजारांच्या खाली गेल्यावर. आम्हा सगळ्यांची समजूत की पहिल्या गटात रक्तस्राव कमी होईल. झालं उलटं. ५० हजारवाल्या गटात मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव २६ टक्के बाळांत, २५ हजारवाल्यांत १९ टक्के. तेव्हापासून रक्तस्राव होत नसेल तर थांबायचं, नजर ठेवायची. तुमच्या धाकट्याच्या वेळी कोणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं, थांबणं हाच उपचार होता. पण तुम्हाला ते कोणी समजावलं नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

अंगावर बारीक लाल ठिपके, नाळेतून किंवा शीतून रक्त, बाळ मलूल होणं, टाळू फुगणं, ह्यातलं काही दिसलं तर मात्र एक मिनिट थांबायचं नाही. जन्मल्यावर व्हिटॅमिन के ची सुई दिली आहे ना, तेही फाइलमध्ये बघून घ्या.

जुळ्यांचा बाबा, पेडणे
१० जुलै, रात्री १०:०२

हे पाच वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आभारी आहे डॉक्टर. बायकोलाही वाचून दाखवलं.

सुलभाकाकू, सत्तरी
११ जुलै, सकाळी ९:४५

शेवंती बाय, घाबरू नको गो. माझी थोरली चार रत्तलांची होती, वाळपईच्या पुढे आमचं गाव, तेव्हा कसलं एनआयसीयू आणि कसलं काय. सुईणीने कापसात गुंडाळून माझ्या छातीवर बांधली जुन्या लुगड्याने आणि सांगितलं दीड महिना खाली ठेवायची नाही. दूध वाटीत काढून कापसाच्या बोळ्याने घालायची. आता ती आजी झाली. मी तुझ्यासाठी नवदुर्गेला गाऱ्हाणं घालते.

तू तांबडी भाजी खा, नाचण्याची आंबील घे, तिसऱ्या (शिंपल्या) खा, म्हणजे दुधातून बाळाला लोह मिळेल. आणि पेटीतलं जुनं मऊ लुगडं धाडते, पावसाचे दिवस आहेत, कपडे सुकत नाहीत, उपयोगी पडेल.

लॅबवाली, फोंडा
११ जुलै, दुपारी २:३०

काकू, छातीवर बांधायचं तुमच्या सुईणीचं म्हणणं आज जगभर मानतात, कांगारू केअर म्हणतात त्याला, १९७८ च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात इनक्युबेटर पुरत नव्हते म्हणून तिथल्या डॉक्टरांनी सुरू केलं. आपल्याकडच्या बायका त्याच्याही आधीपासून करत होत्या.

पण लुगड्याबद्दल एक हात जोडून विनंती. पेटीत डांबरगोळ्या असतील तर ते कापड बाळाला लावू नका. काही बाळांत जी सिक्स पीडी नावाचं एंझाइम जन्मतः कमी असतं, मुलग्यांत जास्त पण मुलींतही, आणि डांबरगोळीच्या वासाच्या कपड्यांनी त्यांच्या तांबड्या पेशी भराभर फुटतात. कावीळ एकदम चढते. मी स्वतः असं सॅम्पल पाहिलंय, नळीतला वरचा द्रव पिवळसर असतो तो लालभडक झालेला. मूल वाचलं, पण रक्त बदलावं लागलं. आणि नुसतं उन्हात टाकून भागत नाही, पेटीतलं कापड नकोच.

शेवंती, दुसरं मी तुला सांगायचं राहिलं ते रक्त काढण्याबद्दल. बाळाच्या अंगात किलोमागे ८५-९० मिली रक्त असतं. तुझ्या मुलीच्या अंगात सगळं मिळून १३० मिली, आपला चहाचा कप भरेल एवढंच. तिच्याकडून १ मिली काढलं म्हणजे मोठ्या माणसाकडून ३५ मिली काढल्यासारखं आहे. लहान बाळांत पुढे जो रक्तक्षय होतो त्याचं एक मोठं कारण तपासणीसाठी काढलेलं रक्तच असतं. तपासण्या लागतातच, नको म्हणू नकोस, पण दोन तपासण्या एकाच वेळी एकाच नळीत जमतील का, लहान नळी वापरता का, आजची खरंच आजच हवी का, एवढं नम्रपणे विचारता येतं. आम्हा लॅबवाल्यांना कमी रक्तात काम करता येतं, पण कोणी विचारत नाही तोवर मोठी नळीच येते.

शेवंती, डिचोली
१३ जुलै, रात्री ८:२०

८१ हजार!!! सातवा दिवस. कल्चर स्वच्छ आलं, अँटिबायोटिक बंद. न्यूट्रोफिलपण वर आलेत. कावीळ झालीय म्हणून निळ्या दिव्याखाली ठेवलीय, डोळ्यांवर पट्टी बांधून. सिस्टरनी सांगितलं जास्तीच्या तांबड्या पेशी फुटतात त्यातूनच ही कावीळ येते, आणि ह्या वेळी मला ते ऐकून कळलं. रक्ताचं विचारलं, सकाळची आणि संध्याकाळची तपासणी एकत्र केली. रागावले नाहीत कोणी.

ताप नव्हता मला डॉक्टर. के ची सुई फाइलमध्ये आहे, वेळेसकट लिहिलीय.

शेवंती, डिचोली
१७ जुलै, सकाळी ११:००

१ लाख ६४ हजार. आज पहिल्यांदा छातीवर दिली मला, दोन तास. केस काळे आहेत दाट. तिच्या श्वासाबरोबर माझा गाऊन हलत होता.

सुलभाकाकू, सत्तरी
१७ जुलै, दुपारी १२:१०

देव पावला गो बाय. पेटीतलं लुगडं नाही पाठवत, नवं मलमल धुऊन पाठवते.

शेवंती, डिचोली
१८ ऑगस्ट, रात्री १०:३५

पुन्हा त्रास देतेय. २९ जुलैला घरी आलो, १ किलो ७६० वर. आता २ किलो ३०० आहे, ओढून दूध पिते. पण काल सहा आठवड्यांची तपासणी झाली आणि हिमोग्लोबिन ९.२!! २२ वरून ९.२. दीड महिन्यात एवढं रक्त गेलं कुठे? लोहाचे ड्रॉप्स तिसऱ्या आठवड्यापासून न चुकता देतेय. काकू म्हणाल्या तसं तांबडी भाजी रोज, तिसऱ्यापण खाल्ल्या. माझंच कुठे चुकलं का?

निवृत्त बालरोगतज्ज्ञ
१९ ऑगस्ट, सकाळी ७:५०

तुमचं काहीही चुकलेलं नाही. हे होणारच होतं आणि डिस्चार्जच्या दिवशी तुम्हाला आधी सांगून ठेवायला हवं होतं.

जन्मल्यावर पहिला श्वास घेतला की फुफ्फुसांतून भरपूर ऑक्सिजन मिळायला लागतो. जे संप्रेरक इतके दिवस तांबड्या पेशी करा म्हणून सांगत होतं ते जवळजवळ बंद होतं. कारखाना बंद. आणि जुन्या पेशी तर मरतच असतात. मोठ्या माणसाची तांबडी पेशी १२० दिवस जगते, पुऱ्या दिवसांच्या बाळाची साधारण ६० ते ९०, आणि लवकर आलेल्या लहान बाळाची त्याहूनही कमी, कधीकधी ३५ ते ५० दिवसच. त्यात बाळ झपाट्याने वाढतं. तुमची मुलगी १४८० ची २३०० झाली, म्हणजे तेवढंच हिमोग्लोबिन आता जास्त रक्तात पसरलं. शिवाय तपासणीत काढलेलं. चारही कारणं एकाच दिशेने ओढतात.

पुऱ्या दिवसांच्या बाळातही हिमोग्लोबिन आठ ते बारा आठवड्यांत ११ च्या आसपास किंवा थोडं खाली उतरतं. लहान, लवकर आलेल्या बाळात ते आधी म्हणजे चार ते आठ आठवड्यांत, आणि जास्त खोल उतरतं. मग केव्हातरी ऊतींना ऑक्सिजन कमी वाटायला लागतो, संप्रेरक परत सुरू होतं, ह्या वेळी हळूहळू मूत्रपिंडातून, आणि मज्जा जागी होते. ती जागी झाली की नाही हे रेटिक्युलोसाइट काउंटवर कळतं, म्हणजे नुकत्या बाहेर पडलेल्या ताज्या पेशी. तो केला आहे का?

लोहाच्या ड्रॉप्सने ही पहिली घसरण थांबत नाही, हा गैरसमज फार आहे. कारखानाच बंद असताना माल पोचवून काय उपयोग. आणि तुटलेल्या पेशींतलं लोह वाया जात नाही, शरीर ते साठवून ठेवतं. ड्रॉप्सची खरी गरज पुढे, मज्जा जागी होऊन जोरात काम करायला लागते तेव्हा. आईकडून बाळाला लोह मिळतं ते बहुतेक सगळं शेवटच्या तीन महिन्यांत. तुमच्या मुलीला तो काळ पुरा मिळाला नाही, आणि जो मिळाला त्यात वार कमी पडत होती आणि जे लोह आलं ते त्या जादा तांबड्या पेशींत खर्च झालं. म्हणून तिची कोठी रिकामी आहे. ड्रॉप्स चुकवायचे नाहीत ते ह्यासाठी.

तांबडी भाजी, तिसऱ्या तुमच्यासाठी जरूर खा, बाळंतपणात तुमचंही रक्त गेलंय. पण आईने कितीही लोह खाल्लं तरी दुधातलं लोह फारसं वाढत नाही, लिटरमागे अर्धा मिलीग्रॅमही नसतं. दूध तरीही तेच उत्तम, लोह तेवढं वरून द्यायचं.

शेवंती, डिचोली
२० ऑगस्ट, दुपारी ४:१५

रेटिक ४ टक्के आलाय. वजन वाढतंय, दूध पिताना दमत नाही, घाम येत नाही, रंग जरा फिकट आहे एवढंच. आमचे डॉक्टर म्हणाले रक्त चढवायची गरज नाही.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ
२० ऑगस्ट, संध्याकाळी ५:००

मज्जा जागी झाली. आता रोज हिमोग्लोबिन बघायची घाई करू नका, डॉक्टर सांगतील तेव्हाच. ड्रॉप्स किती देता?

शेवंती, डिचोली
२० ऑगस्ट, संध्याकाळी ५:४०

पाव मिली. ड्रॉपरवरची खूण आहे तिथवर.

लॅबवाली, फोंडा
२० ऑगस्ट, रात्री ८:५५

थांब. पाव मिली म्हणजे किती मिलीग्रॅम? बाटलीवर एलिमेंटल आयर्न, म्हणजे निव्वळ लोह, म्हणून काय लिहिलंय ते वाचून इथे टाक.

शेवंती, डिचोली
२० ऑगस्ट, रात्री ९:३०

आता वाचलं आणि रडू आलं. पहिली बाटली हॉस्पिटलातून दिलेली, १ मिलीत २५ मिलीग्रॅम. ती संपली तेव्हा नवऱ्याने बाजारातल्या फार्मसीतून आणली, त्यांनी तीच नाही, दुसरी चालेल, सेमच आहे म्हणून दिली. तिच्यावर १ मिलीत १० मिलीग्रॅम. मी तेवढंच पाव मिली देत राहिले. दोन आठवडे झाले.

निवृत्त बालरोगतज्ज्ञ
२० ऑगस्ट, रात्री ९:४८

रडू नका. दोन आठवड्यांनी काही बिघडत नाही, आणि ९.२ ह्यामुळे आलेलं नाही हे वर सांगितलंच आहे. उलट झालं असतं, म्हणजे १० च्या बाटलीवरून २५ च्या बाटलीवर जाऊन तेवढंच दिलं असतं, तर जास्त काळजी होती, लोह जास्त झालं तर लहान मुलांना विषारी असतं.

लोहाचा डोस नेहमी मिलीग्रॅममध्ये लिहून घ्यायचा. लहान बाळांना दिवसाला किलोमागे २ ते ४ मिलीग्रॅम देतात. तुमच्या डॉक्टरांनी ३ धरलं असेल तर २ किलो ३०० ला साधारण ७ मिलीग्रॅम. २५ च्या बाटलीतून ते पाव मिलीहून किंचित जास्त, १० च्या बाटलीतून ०.७ मिली. उद्या सकाळी बाटली घेऊन त्यांच्याकडेच जा आणि त्यांच्याकडून लिहून आणा, इथल्या माझ्या हिशेबावर देऊ नका. आणि वजन वाढेल तसा डोसही वाढायला हवा, हे बहुतेक घरांत राहून जातं. महिनोन् महिने तोच पाव मिली चाललेला मी पाहिलाय.

नदीकाठ, सांगे
२१ ऑगस्ट, सकाळी ८:०५

हे वाचून आत्ता उठून आमची बाटली बघितली. आमचा १ किलो ९०० चा जन्मला, आता पाच महिन्यांचा, सहा किलोचा, डोस तोच जो पहिल्या महिन्यात होता. आज नेतो डॉक्टरांकडे. ड्रॉप्स दुधात मिसळून देतो आम्ही, चालतं का? आणि शी काळी होते.

लॅबवाली, फोंडा
२१ ऑगस्ट, दुपारी १:३०

शी काळी होणारच, लोहामुळे, घाबरू नका. दुधात मिसळू नका, दोन दुधांच्या मध्ये द्या, जिभेवर मागच्या बाजूला, गालाच्या आतून. बाटली नेहमी उंचावर, मोठ्या भावंडांच्या हाताला लागणार नाही अशी. गोड असते, मुलं पिऊन टाकतात. आणि मध, बाळगुटी काही चाटवू नका, मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही.

शेवंती, डिचोली
२१ ऑगस्ट, रात्री १०:००

जाऊन आले. ०.७ मिली. डॉक्टरांनी मिलीग्रॅम पण लिहून दिले. फार्मसीतही नवरा जाऊन शांतपणे सांगून आला की दुसरी बाटली देताना मिलीग्रॅम सांगत जा. सिरिंजवर मी लाल नेलपेंटने ०.७ ला खूण केलीय, माझ्या गैरहजेरीत सासूबाई देतात म्हणून. चवथीला गणपतीवर फळापानांची माटोळी बांधताना तिला सगळ्यांनी पहिल्यांदा बघायचंय, पण गर्दीत हातोहात द्यायची नाही असं ठरवलंय, लांबूनच.

शेवंती, डिचोली
८ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

चार महिने पूर्ण झाले. ४ किलो ३००. हिमोग्लोबिन ११.१, एकदाच टोचलं, अर्धा मिली घेतलं, मी विचारायच्या आधी त्यांनीच छोटी नळी काढली. प्लेटलेट ३ लाख १० हजार. डोस आता १३ मिलीग्रॅम, म्हणजे १.३ मिली, जुनी खूण पुसून नवी केली. डॉक्टर म्हणाले वर्षाची होईपर्यंत द्यायचं.

टाचेवरचे ठिपके गेले. एकच राहिलाय डाव्या पायाला, आंघोळीच्या वेळी दिसतो.